पुराची आठवण पुसायला गेलो होतो (समुपदेशन केंद्र, विश्रामबाग, सांगली)

नाव मुद्दाम लिहित नाही कारण शेवटी एक तक्रार पण आहे. आठ महिने जातोय इथं.

2019 च्या पुरात आमचं घर पाण्यात गेलं. आज्जी म्हणत होती 2005 ला पायरीपर्यंतच आलं हुतं, ह्याच्यावर येत नाय, आणि आम्ही थांबलो. बोटीत तिनं माझा हात धरला होता आणि विचारत होती भाकरी बांधून घेतल्यास का. चार दिवसांनी मिरजेत दवाखान्यात आज्जी वारली. तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजला की माझी झोप संपली.

पहिल्याच दिवशी मॅडमना म्हणलं हे डोक्यातनं काढून टाका, बीपीच्या गोळीनं आठवणी पुसतात असं व्हिडिओत बघितलंय. त्यांनी शांतपणे समजावलं, गोळीचं नाव प्रोप्रॅनोलॉल, कॅनडात अ‍ॅलन ब्रुने यांनी त्यावर अभ्यास केलाय, आठवण काढली की ती थोडा वेळ कच्ची होते आणि परत घट्ट बसते, त्या वेळात भीतीची धार कमी करायची, पण घडलेलं पुसत नाही. मग विचारलं, समजा पुसता आलं तर नेमकं कुठून कुठपर्यंत पुसू? मी सांगायला लागलो आणि बोटीपाशी अडकलो, भाकरीचं वाक्य मला द्यायचं नव्हतं.

2021 च्या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीत सगळ्यात आधी शेजारच्या काकूंना आम्ही हलवलं, ते आठवत होतं म्हणूनच ना. तरी पण ज्याला वर्षानुवर्षं झोप नाही त्याला विसरू नको म्हणायचा हक्क कुणालाच नाही असं मला वाटतं, ज्याचं त्यानं ठरवावं. माझा राग वेगळ्यावर आहे, आमचे काका मॅडमना म्हणाले पोराला काहीतरी द्या आणि विषय संपवा, म्हणजे मी गप्प बसलो की घर सुटलं. मॅडमनी काकांना बाहेर बसायला सांगितलं, त्यासाठी पाच स्टार.

माझ्यावर ईएमडीआर केलं, म्हणजे त्यांची बोटं डावीउजवीकडं हलतात, आपण नजरेनं बघत राहायचं आणि तो प्रसंग मनात धरायचा. डब्ल्यूएचओनं पण ही पद्धत सुचवलीय. पहिले तीन सेशन लई जड गेले, घरी येऊन नुसता पडून होतो, आता पावसात जाग येते पण परत झोप लागते.

फी 800. तक्रार एवढीच की दोन खोल्यांत नुसतं प्लायवूड आहे, पलीकडची बाई रडताना मला ऐकू आली म्हणजे मी पण तिला ऐकू गेलो असणार, दोनदा सांगूनही काही केलं नाही. चार स्टार.