गिटच्या कमिट मेसेजमधला # : मूळ सेटिंग बदलाच

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट एरवी कितीही भक्कम असलं, तरी कमिट मेसेजमधल्या (बदलाच्या नोंदीसोबतच्या वर्णनातल्या) कमेंटसाठी, म्हणजे वगळायच्या ओळींसाठी, त्याने # हे चिन्ह धरलं, हे काही पटत नाही. कामाचा तिकीट नंबर #482 असाच लिहायची सवय सगळ्यांना. मार्कडाउन या मजकूर मांडायच्या पद्धतीतलं शीर्षकही # नेच सुरू होतं. आणि एडिटरमध्ये लिहिलेल्या मेसेजच्या एखाद्या ओळीचं पहिलंच अक्षर # असलं, की गिट ती ओळ मुकाट्याने काढून टाकतं. मेसेजमध्ये तेवढी एकच ओळ असेल तर 'मेसेज रिकामा' म्हणून कमिटच रद्द.

खरा घोळ पुढे आहे. 'गिट कमिट -एम "#482 लॉगिन दुरुस्त"' हे बिनतक्रार जातं, कारण एडिटर उघडला नाही तर गिट फक्त मोकळ्या जागा आवरतं, कमेंट काढत नाही. आठवड्याने कुणी त्याच कमिटवर रीबेसमध्ये (जुनी कमिट नव्याने रचताना) रीवर्ड केलं, म्हणजे मेसेज बदलायला घेतला, किंवा अमेंड (शेवटचं कमिट दुरुस्त) करताना एडिटर उघडला, की पहिली ओळ गायब आणि वर्णनातली पहिली ओळ शीर्षकाच्या जागी. अमेंडला '--नो-एडिट' दिलं तर मात्र ओळ शाबूत राहते.

गिटसारख्याच मर्क्युरियलने इथे जास्त शहाणपणा दाखवला. तिथे 'एचजी:' ने सुरू होणाऱ्या ओळीच जातात, आणि असं चुकून कोण लिहिणार? सबव्हर्जन हे तसलंच साधन तर एक खुणेची ओळ टाकून तिच्याखालचं सगळं सोडून देतं.

गिटमध्ये यावर उपाय दोन. पहिला, कोअर.कमेंटचार (कमेंटचं चिन्ह ठरवणारं सेटिंग) बदलणं, ही सोय गिट 1.8.2 पासून आहे. बहुतेक जण ; हे चिन्ह घेतात. कमांड देताना ते अवतरणात घालायचंच, नाहीतर शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्याला कमांडचा शेवट समजतं आणि गिट नवीन काही न साठवता जुनं सेटिंग तेवढं वाचतं. कॉन्फिग फाइल हाताने लिहीत असाल तरी अवतरण हवंच; त्या फाइलीत ; म्हणजे कमेंट. 2.45 पासून एकाहून जास्त अक्षरंही चालतात, म्हणजे मर्क्युरियलसारखी खूण ठेवता येते. मात्र टीमच्या कमिट टेम्प्लेटमध्ये (मेसेजच्या तयार साच्यात) # च्या सूचना असतील तर त्या आता थेट इतिहासात जातील. टेम्प्लेटही त्याच दिवशी बदला. याच सेटिंगचा 'ऑटो' हा पर्याय आधीपासूनचा मेसेज बघून चिन्ह निवडतो. कोऱ्या मेसेजमध्ये तुम्ही पुढे काय टाइप करणार, हे त्याला कुठून कळणार?

दुसरा उपाय, आणि आमची पसंती यालाच: कमिट.क्लीनअप = सिझर्स. मग >8 अशी कात्रीची ओळ येते, तिच्याखालचं सगळं कापलं जातं आणि वरचे # जसेच्या तसे राहतात. कात्रीची ओळ मात्र चुकूनही पुसायची नाही. ती गेली की खालची स्टेटसची (बदललेल्या फाइलींची) यादी # सकट कमिटमध्ये शिरते.

हुक, म्हणजे गिट ठरावीक वेळी आपोआप चालवतं त्या स्क्रिप्ट, लिहिणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: कमिट-मेसेज हुक चालतो तेव्हा ही साफसफाई झालेलीच नसते. '-व्ही' दिलं असेल तर अख्खा डिफही (कोडमधले बदल) त्याच फाइलीत असतो, आणि 72 अक्षरांची मर्यादा तपासणारा हुक कोडच्याच ओळींवर अडतो. म्हणून आधी कात्रीपासून खालचं कापा, मग उरलेलं 'गिट स्ट्रिपस्पेस --स्ट्रिप-कमेंट्स' मधून काढा. ते कॉन्फिगमधलं चिन्ह पाळतं. सिझर्स लावलं असेल तर ही दुसरी पायरी गाळा, नाहीतर वाचवलेले # हुकला दिसणारच नाहीत.