वॉर्सातली मे १९२६ च्या बंडाची वॉकिंग टूर: पाचपैकी चार स्टार

वॉर्साला आलं की सगळे ओल्ड टाऊन आणि दुसरं महायुद्ध करून परत जातात, म्हणून मी मुद्दाम पोलंडचा माजी राष्ट्रप्रमुख पिल्सुड्स्की याने सरकारविरुद्ध केलेल्या लष्करी बंडाची इंग्लिश टूर घेतली. एक स्टार आधीच कापते कारण चालवतात जाम, पोन्यातोव्स्की पुलापासून थेट बेल्वेदेर राजवाड्यापर्यंत आणि मधे टेकायला पण देत नाहीत, गुडघे दुखणाऱ्यांना नेऊ नका.

पण गाईड काका एक नंबर! १२ मेला याच पुलावर मार्शल पिल्सुड्स्की आणि राष्ट्राध्यक्ष वोयचेहोव्स्की समोरासमोर आले, दोघं जुने समाजवादी चळवळीतले सोबती, बोलणं फिसकटलं आणि मग तीन दिवस शहरात गोळीबार, ३७९ माणसं गेली. हे सगळीकडे वाचायला मिळतं. काकांनी मात्र सगळी गोष्ट लष्करमंत्र्याच्या खुर्चीवरून सांगितली. मूळ भांडण हे की सैन्याचा प्रमुख मंत्र्याला आणि संसदेला जबाबदार असावा का, आणि पिल्सुड्स्कीला ती लुडबुड अजिबात नको होती. आधीचे मंत्री झेलिगोव्स्की त्याचेच माणूस, त्यांनी युद्धसरावाच्या नावाखाली वॉर्साजवळच्या रेंबेर्तूफला तुकड्या त्याच्या हाताखाली देऊन ठेवल्या, १० मेला पंतप्रधान विटोसचं सरकार आलं, माल्चेव्स्की मंत्री झाले, पण तोवर पत्ते वाटून झाले होते. त्यात रेल्वे कामगारांनी संप केला, सरकारची कुमक वाटेतच अडकली.

आज जिथे पंतप्रधानांचं ऑफिस आहे तिथे तेव्हा कॅडेट स्कूल होतं, ती पोरं सरकारच्या बाजूने लढली म्हणून नंतर अख्खी शाळाच राजधानीबाहेर हलवली. पिल्सुड्स्की जिंकल्यावर त्याला संसदेने राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडला तर नको म्हणाला, तिथे मोश्चित्स्कीला बसवलं, आणि लष्कर खातं १९३५ ला मरेपर्यंत स्वतःकडेच ठेवलं. पंतप्रधान येत जात राहिले, हे खातं काही सुटलं नाही!

१९३५ नंतरचं मात्र घाईत उरकलं. कास्प्शित्स्की मंत्री झाले, पण खरा जोर सैन्यप्रमुख रिद्झ-श्मिग्वीचा, आणि मोश्चित्स्कीशी त्याची रस्सीखेच, एवढंच दोन वाक्यात. ग्रुपमधल्या एकाने बंडात सरकारच्या बाजूने असलेल्या जनरल झागुर्स्कीचं विचारलं, जो १९२७ ला तुरुंगातून वॉर्साला आणल्यावर गायबच झाला, त्यावर काका नुसते हसले.

आपल्याकडच्यांनी सिकोर्स्कीबद्दल नक्की विचारा. १९२४-२५ चा लष्करमंत्री, बंडात ल्वूफला (आताचं युक्रेनमधलं ल्विव्ह) गप्प बसून राहिला, पुढे पिल्सुड्स्कीने त्याला पद न देता नुसता बसवून ठेवला. १९३९ ला देशाबाहेरून चालणाऱ्या पोलंडच्या परागंदा सरकारचा पंतप्रधान झाला तो हाच, आणि १९४१ ला त्याने सोव्हिएत युनियनशी करार केला म्हणून तिथले पोलिश कैदी सुटले, त्यातलीच हजारो बायकापोरं पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात राहिली. काकांना वळिवडे माहीत होतं, मी चाटच पडले.

बुकिंग ऑनलाईन होतं, पाण्याची बाटली स्वतःची न्या.