प्रागच्या चौकात 16,000 रुपयांना पडलेला ‘चांगला दर’

रस्त्यावर चलन बदलून देणारे लोक फसवतात, हे मला ठाऊक नव्हते असे कृपया कोणी समजू नये. तरीही जुन्या शहराच्या चौकात, 1410 सालच्या त्या सुप्रसिद्ध खगोलीय घड्याळापासून हाकेच्या अंतरावर, माझे 200 युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 18,000 रुपये, एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने भरदिवसा नेले. चेक प्रजासत्ताक 2004 मध्ये युरोपीय संघात गेले, 2007 मध्ये शेंगेनमध्येही, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न दाखवता फिरता येणाऱ्या देशांच्या गटातही, आले, पण त्याचे चलन अजून कोरुनाच आहे. आपल्याकडचे बहुतेक प्रवासी मात्र खिशात युरो घेऊन उतरतात, आणि हे प्रागमधल्या ठगांना आपल्यापेक्षा अधिक चांगले माहीत असते.

त्या दिवशी सकाळी आम्ही चार्ल्स पुलावरून किल्ल्याच्या बाजूला गेलो होतो. किल्ल्यामागे नोवी स्वेत नावाची, बुटक्या घरांची एक निवांत गल्ली आहे. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे काही काळ तेथे राहिला होता, पण पर्यटकांचे थवे तिकडे फारसे फिरकत नाहीत. तेथे कोणी आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ठगांची वस्ती अनोळखी गल्ल्यांत नसून ज्या मनोऱ्याचे छायाचित्र प्रत्येक जण घरी पाठवतो त्याच्या पायथ्याशी असते, हे मला त्याच दुपारी कळले.

संध्याकाळी झिझकोव्ह या जुन्या कामगार वस्तीत जेवायला जायचे ठरले होते. तिथल्या लहान पबमध्ये रोख लागते असे वाचले होते, म्हणून मी चलन बदलणाऱ्या एका खिडकीसमोर उभा राहिलो. ‘कमिशन नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या त्या खिडकीवर एका युरोला 17.50 कोरुना मिळत होते, आणि बाजारात तेव्हा दर 25 च्या आसपास होता. मी चिडून मागे वळलो, तर मागेच तो उभा! अस्खलित इंग्रजीत त्याने ती खिडकी कशी लुटते ते सांगितले आणि स्वतः 26 चा दर देऊ केला. बाजारापेक्षा जास्त दर देणारा माणूस कमावणार काय, हा साधा हिशेब आयुष्यभर लेखाशाखेत काम केलेल्या माझ्यासारख्याने तिथल्या तिथे मांडायला हवा होता. पण खिडकीवरच्या रागात तो मला तारणहार वाटला, आणि रागावलेला माणूसच त्याला हवा असतो.

त्याने नोटा माझ्यासमोर मोजल्या. सर्वांत वर 200 कोरुनांची खरी नोट होती आणि तिच्याखाली ‘1000’ लिहिलेल्या पाच निळ्या नोटा. त्यांच्यावर रोमन लिपीत, कोणालाही वाचता येईल असे, ‘फोरिंट’ छापलेले होते. हंगेरीचे चलन! 1000 कोरुनांची नोट जांभळट असते हे मला कोणी सांगितले होते? पत्नी म्हणाली, “अहो, पावती तरी मागा.” तेवढ्यात घड्याळाचा ठोका पडला, बारा प्रेषितांच्या बाहुल्या फिरू लागल्या, सगळ्या चौकाने माना वर केल्या आणि ‘पोलीस’ असे काहीसे पुटपुटत तो गर्दीत नाहीसा झाला. झिझकोव्हमध्ये बिल देताना वाढणाऱ्या मुलीने नोटा परत केल्या तेव्हा उलगडा झाला. पाच हजार फोरिंट म्हणजे जेमतेम 12-13 युरो. एकूण सुमारे 16,000 रुपयांवर पाणी सोडावे लागले. वर संताप असा की त्या मुलीने बिल कार्डावर सहज घेतले. ट्रामचे तिकीटही आत कार्ड टेकवून मिळते. रोख कशाला हवी होती?

पोलीस ठाण्यात दुभाषी येईपर्यंत बाकावर बसवून ठेवले. नंतर विचारले काय, तर त्या माणसाचे नाव काय होते! नुकसान 10,000 कोरुनांच्या आत असल्याने हा फौजदारी गुन्हा ठरत नाही, किरकोळ आगळीक ठरते, असे शांतपणे सांगण्यात आले. म्हणजे ठगाने फक्त आकडा सांभाळायचा आणि रोज नवा पर्यटक गाठायचा. चौकातल्या कॅमेऱ्यांचे काय, असे विचारले तर ते दुसऱ्या विभागाकडे असतात. चेक भाषेतल्या कागदावर माझी सही घेतली आणि काही आठवड्यांनी त्याच भाषेतले पत्र पुण्याला आले: आरोपी अज्ञात, प्रकरण बंद. प्रवास कंपनीने माहितीपत्रकातली बारीक टाईपातली ओळ दाखवली. विमा कंपनीने तर कमाल केली. रोकड तुम्ही स्वखुशीने दिली, सबब ती चोरी नव्हे, असे लेखी कळवले. हप्ता घेताना ‘संपूर्ण संरक्षण’ हे शब्द याच लोकांनी वापरले होते.

आणखी एक गोष्ट मला कोणीही वेळेवर सांगितली नाही. परवानाधारक खिडकीत फसलात तर 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. 2019 पासून तिथे तसा कायदा आहे. पावती घेऊन थेट त्याच खिडकीत जा आणि भांडा. रस्त्यावरच्या माणसाला ना परवाना ना पावती, त्यामुळे हा हक्क मला नव्हताच. ज्या खिडकीवर मी रागावलो तिने लुटले असते तरी पैसे परत मिळाले असते! एटीएम वापरलेत तर ‘रुपयांत आकारू का’ या प्रश्नाला नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा.

विमा कंपनीविरुद्ध लोकपालाकडे तक्रार केली आहे. त्या पाच नोटांच्या छायाप्रती तक्रारीला जोडल्या आहेत. मूळ नोटा मागितल्या तर देणार नाही, कारण 5,000 फोरिंट तेवढे तरी माझे आहेत.