कॅनोपीचे तयार मास्क: काठांचे पैसे घ्या, मधलं तुमचं तुम्ही भरा

प्लास्टिकची मॉडेल विमानं रंगवताना कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाच्या काचांना रंग लागू नये म्हणून आकारात कापलेले चिकट तुकडे लावतात, ते मास्क. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेले मास्क दसऱ्याला सोलले, तर माझ्या मिगच्या मॉडेलच्या काचेवर चिकट थर तसाच. म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर एवढे दिवस मी भेटेल त्याच्याकडे या मास्कची तारीफच करत होतो.

ओझरला १९६४ पासून एचएएलचा विमान कारखाना, त्यामुळे नाशिकच्या मॉडेलवाल्याला मिग-२१ चुकत नाही. माझं मॉडेल त्यातल्या ‘बिस’ प्रकाराचं, खऱ्याच्या १/४८ आकाराचं. मास्कचा तो तळहाताएवढा कागद सातशेच्या घरात, कुरिअर वेगळं, आणि एकदा वापरला की संपला.

पाकीट उघडताच डोकं फिरलं. छोट्या काचांना पूर्ण तुकडे, पण मोठ्या गोलाईदार काचेला फक्त कडेच्या पट्ट्या! मधली जागा म्हणे लिक्विड मास्कने, म्हणजे सुकल्यावर सोलता येणाऱ्या द्रवाने भरा. दोन्ही बाजूंनी वळलेल्या काचेवर सपाट कागद बसत नाही, सुरकुत्या पडतात, हे मलाही कळतं. तरी पैठणीचे पैसे घेऊन हातात नुसते काठ ठेवल्यासारखंच झालं, आणि येवल्याच्या जिल्ह्यात तरी असं करू नये. लिक्विड मास्कची बाटली पुन्हा वेगळी, तिचा अमोनियाचा वास घरच्यांना नको. मधला भाग मी टेपच्या कपट्यांनी भरला.

मिग बाजूला ठेवून आधी हार्वर्ड हे जुनं प्रशिक्षण विमान घेतलं आणि मत बदललं. त्याची कॅनोपी म्हणजे नुसत्या चौकटी. टेप लावून ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने हाताने कापायची तर रविवार गेलाच, वर एक ओरखडा ठरलेला. (ब्लेड मेडिकलमधून घ्या, ३ नंबरच्या हँडलला बसतं, परदेशी चाकूची गरज नाही.) तयार मास्क मात्र कोपऱ्यात अचूक बसले. टूथपिकने कडा दाबल्या, आधी कॉकपिटचा आतला रंग मारला, त्यावर बाहेरचा. म्हणजे आतून बघितलं तरी फ्रेम आतल्याच रंगाची दिसते. आठवड्याच्या आत सोलले, रेषा वस्तऱ्यासारखी. सातशे वसूल.

मिगचं तसं झालं नाही. मास्क लावले आणि पाऊस लागला. दमट हवेत लॅकर फवारलं की पांढरट पडतं, म्हणून थांबावंच लागलं. थर काढायला काचेवर थिनर चालत नाही, ती पॉलिस्टायरीन प्लास्टिकची, विरघळते. ताज्या टेपची चिकट बाजू दाबून उचलत राहिलो, बराचसा थर निघाला. उरलेला पॉलिशने घासला. आता उजेडात तिरकं धरलं तरच दिसतो, पण मला दिसतो ना!

विक्रेत्याला विचारलं, तर म्हणे, “सर, दोन-चार दिवसांत काढायचे असतात.” मग पाकिटावर छापा की! पाकीट फोडलंय म्हणून बदलूनही मिळणार नाही.

पुढचं सुखोई. त्याच्या कॅनोपीला मधोमध साच्याची शिवण असते, ती आधी घासून पॉलिश करावी लागते, आणि चौकटी मोजक्याच. तिथे सहा मिलिमीटरचा टामिया कंपनीचा मास्किंग टेप पुरे. तयार मास्क फक्त चौकटीवाल्या विमानांना घेईन, तेही मास्क उचलल्यावर कागदाची जी जाळी उरते ती जपून. साध्या टेपवर तिच्यातून पेन्सिल फिरवली की पुढच्या हार्वर्डचे मास्क फुकट.

काचेचे फोटो विक्रेत्याला पाठवलेत. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.