डॅन्यूब की ल्वार? नदीकाठच्या सायकल प्रवासासाठी दोन खोऱ्यांची तुलना

नदीकाठाने आठवडाभर सायकल चालवायची, चढ फारसे नकोत, मुक्कामाला रोज एखादे लहान गाव हवे आणि मोटारींची वर्दळ शक्य तितकी कमी हवी, असे ठरवून युरोपचा नकाशा उघडला की बहुधा दोन मार्ग समोर येतात. एक जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने जाणारा, आणि दुसरा फ्रान्समधील ऑर्लेआँपासून आंजेपर्यंत ल्वारच्या काठाने जाणारा. दोन्ही मार्ग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो 6’ या सायकलमार्गाचेच भाग आहेत. डॅन्यूबवरचा वाखाऊ हा मेल्क ते क्रेम्सचा पट्टा आणि ल्वारचे मधले खोरे यांची नोंद जागतिक वारसा यादीतही एकाच वर्षी, 2000 साली झाली. एवढे साम्य पाहून पुष्कळ जण दोन्ही सारखेच मानतात आणि विमानाचे तिकीट जिथले स्वस्त, तिथले खोरे निवडतात. माझ्या मते यात फसगत होण्याची शक्यता मोठी आहे, कारण डॅन्यूबच्या काठी नदी स्वतःच प्रवाशाला पुढे नेते, तर ल्वारचे खोरे नदी सोडून वारंवार आत वळणाऱ्यालाच कळते.

आधी डॅन्यूब. पासाऊ ते व्हिएन्ना हे अंतर साधारण 320 किलोमीटर आहे आणि एवढ्या अंतरात नदी सुमारे 140 मीटरच खाली उतरते, त्यामुळे उतार डोळ्यांना जाणवतही नाही. मार्गाचा बराचसा भाग जुन्या ‘ट्रेपेलवेग’वरून जातो. पूर्वी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढून नेण्यासाठी घोडे याच वाटेने चालत. ओझे ओढणाऱ्या घोड्यांना तीव्र चढ परवडत नसे, म्हणून ही वाट पाण्याच्या पातळीला धरूनच आखली गेली, आणि त्याचा लाभ आजच्या सायकलस्वाराला आयता मिळतो. बहुतेक टप्प्यांत दोन्ही काठांवर सायकलमार्ग असून, एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्यासाठी पूल आणि सायकली घेणाऱ्या लहान फेरीबोटी आहेत. श्ल्योगनजवळ कठीण खडकामुळे नदी जवळजवळ उलट दिशेला वळते. तिथे डाव्या काठाची वाट काही अंतर तुटते आणि बोटीवाचून पुढे जाता येत नाही. या बोटी हंगामातच चालतात आणि संध्याकाळी लवकर थांबतात, हे ध्यानात ठेवून त्या दिवसाचा टप्पा आखावा.

ल्वारच्या काठी ऑर्लेआँ, ब्ल्वा, तूर, सोम्यूर आणि आंजे असे टप्पे धरले तर अंतर अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर भरते. आकड्याने हा प्रवास डॅन्यूबपेक्षा लहान दिसतो, पण तो लहान ठरत नाही. शाम्बोरचा राजवाडा ल्वारच्या काठावर नसून काही किलोमीटर आत, कोसों या लहान नदीजवळ आहे. शनोंसोचा वाडा शेर नदीवर कमानी टाकून बांधलेला आहे, तर आझे-ल-रिदो अँद्र नदीच्या पाण्यात उभे आहे. म्हणजे ज्या वास्तूंसाठी हे खोरे जगभर ओळखले जाते, त्यांतल्या कित्येक उपनद्यांवर आहेत आणि प्रत्येकीसाठी अर्धा दिवस बाजूला काढावा लागतो. लिओनार्दो दा व्हिन्ची 1519 मध्ये याच खोऱ्यातल्या आंब्वाझ गावी निवर्तला आणि त्याच वर्षी शाम्बोरचे बांधकाम सुरू झाले. ही दोन ठिकाणे एकाच दिवशी घाईने उरकणाऱ्याच्या हाती छायाचित्रांखेरीज फारसे काही लागत नाही. रोज साठ-सत्तर किलोमीटर कापण्याचा हिशेब ल्वारवर धरू नये. तीस-चाळीस पुरेत.

रस्त्यांतही फरक आहे. डॅन्यूबवर दिवसाचा मोठा भाग मोटारींपासून वेगळ्या, डांबरी वाटेवर जातो. ल्वारचा मार्ग मात्र पुष्कळ ठिकाणी कमी वर्दळीच्या गावरस्त्यांवरून, शेतांमधून आणि कुठे कुठे दाबलेल्या खडीवरून जातो. खुणेच्या पाट्या चांगल्या आहेत, पण चौकात लक्ष हवे. एकोणिसाव्या शतकात 1846, 1856 आणि 1866 अशा तीन वेळा मोठे पूर आलेल्या या नदीला दोन्ही बाजूंनी लांबच लांब बांध घातलेले आहेत. मार्ग या बांधांवर चढला की एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला खाली पसरलेली शेते दिसतात. मला हे दृश्य डॅन्यूबवरच्या कोणत्याही वळणापेक्षा अधिक आवडते. सोम्यूरच्या अलीकडे वाट द्राक्षमळ्यांकडे थोडी चढते आणि सूझे येथे चुनखडीच्या कड्यात कोरलेल्या जुन्या घरांमधून जाते. हे चढ लहान आहेत, पण सामान लादलेल्या सायकलीला ते जाणवतात.

बहुतेक जण विसरतात ती गोष्ट वाऱ्याची. दोन्ही खोऱ्यांत वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो. डॅन्यूब पूर्वेला वाहते, त्यामुळे प्रवाहाबरोबर जाणाऱ्याला उतार आणि पाठीवरचा वारा असे दोन्ही मिळतात. ल्वार या टप्प्यात पश्चिमेला, समुद्राकडे वाहते, म्हणून प्रवाहाबरोबर निघालेला सायकलस्वार पुष्कळदा दिवसभर समोरचा वारा खातो. ऑर्लेआँ ते आंजे हा उतार शंभर मीटरही नाही आणि त्याचा सायकलीला उपयोग जवळजवळ शून्य; मोकळ्या बांधावरचा समोरचा वारा मात्र वेग निम्म्यावर आणू शकतो. त्यामुळे ल्वारवर आंजेहून निघून प्रवाहाविरुद्ध ऑर्लेआँकडे जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

नदीचे रूप हा आवडीचा भाग असला तरी निवडीत त्याला वजन द्यावे. ऑस्ट्रियातील डॅन्यूब ही कामाला जुंपलेली नदी आहे. जलविद्युत केंद्रांच्या बांधांमुळे तिचे पाणी लांबवर संथ, तलावासारखे झाले असून त्यावरून मालवाहू आणि प्रवासी जहाजे सतत जातात. ऑस्ट्रियाच्या हद्दीत ती मुक्तपणे वाहते ती फक्त वाखाऊत आणि व्हिएन्नाच्या पुढच्या पट्ट्यात. ल्वारच्या मधल्या भागात मोठी जहाजे नाहीत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाळूची बेटे वर येतात आणि त्यांवर सुरय पक्षी घरटी करतात. 1970 च्या दशकात पुन्हा आणून सोडलेले बीव्हर हे झाडे कुरतडणारे पाणप्राणीही आता या काठांवर नांदतात. पक्षी पाहण्याची आवड असलेल्याने दुर्बीण घ्यावी आणि ल्वारच निवडावी.

डॅन्यूबवरही एक ठिकाण असे आहे, जिथे नदी सोडून वर चढलेच पाहिजे. लिन्त्सच्या पुढे माउटहाउझेन गावाच्या माथ्यावर नाझींनी 1938 मध्ये उभारलेली छळछावणी आता स्मारक म्हणून जपलेली आहे, आणि खाणीतला तो 186 पायऱ्यांचा जिनाही तिथे आहे, ज्यावरून कैद्यांकडून दगड वाहून घेतले जात. चढ दमवणारा आहे. वेळ कमी असेल तर मेल्कचा मठ घाईत पाहिला तरी चालेल, पण हे ठिकाण वगळू नये असे मला मनापासून वाटते.

हवामानाबाबत थोडक्यात सांगायचे तर मे-जून आणि सप्टेंबर दोन्हीकडे उत्तम. डॅन्यूबला पावसाळी आठवड्यानंतर पाण्यालगतची वाट बंद होऊ शकते. जून 2013 मध्ये पासाऊला पाणी 12.89 मीटरपर्यंत चढले होते, जी 1501 नंतरची सर्वांत उंच पातळी होती. फ्रान्समध्ये ऑगस्टची गर्दी टाळावी. तिथल्या लहान गावांत दुपारी दोननंतर जेवण मिळणे कठीण होते आणि सोमवारी पुष्कळ उपाहारगृहे बंद असतात, तर ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात. चलन दोन्हीकडे युरो आहे. वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडून चालवण्याची सवय असलेल्याने पहिल्या दिवशी, विशेषतः वर्तुळाकार चौकांत, सावकाश जावे. बारा वर्षांखालील मुलांना दोन्ही देशांत हेल्मेट बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये कानात इअरफोन घालून सायकल चालवण्यास मनाई आहे, आणि रात्री किंवा धुक्यात वस्तीबाहेर चमकणारे जाकीट घालावे लागते.

ज्याने आजवर सामान लादून सलग चार दिवसही सायकल चालवलेली नाही, जो मुलांना किंवा वयस्कर आईवडिलांना घेऊन निघणार आहे, त्याने निःशंकपणे डॅन्यूब घ्यावी. तिथे चुकायला वाव कमी, दिवस आपोआप आखला जातो, आणि शेवटी व्हिएन्नासारखे शहर गाठल्याचे समाधान मिळते. ज्याला इतिहासाची, बागांची, वास्तूंची ओढ आहे, ज्याला रोज वाट बदलण्याचा कंटाळा येत नाही आणि ज्याच्या सोबत्यालाही थांबणे आवडते, त्याने ल्वार घ्यावी. सोबत्यांपैकी एकाला वेग हवा असेल आणि दुसऱ्याला वाडे पाहायचे असतील, तर ल्वारवर रोज वाद होतील. अशा जोडीलाही मी डॅन्यूबच सुचवीन.

थकवा आला किंवा पाऊस लागला तर दोन्ही खोऱ्यांत एखादा टप्पा आगगाडीने ओलांडता येतो. ऑस्ट्रियात सायकलीचे वेगळे तिकीट आणि लांब पल्ल्याच्या गाडीत आरक्षण लागते. ल्वारकाठच्या प्रादेशिक गाड्यांत उन्हाळ्यात सायकलींची जागा लवकर भरते, म्हणून सकाळची पहिली गाडी धरावी. हाताशी तीनच दिवस असतील तर डॅन्यूबवर मेल्क ते क्रेम्स हा सुमारे 36 किलोमीटरचा वाखाऊचा पट्टा निवडावा. जाताना उत्तर काठाने श्पित्स आणि ड्यूर्नश्टाइन ही गावे पाहावीत आणि परतताना सायकलीसह बोटीने यावे. ल्वारवर तेवढ्याच दिवसांत ब्ल्वाला एकाच खोलीत मुक्काम ठेवावा आणि सामान तिथेच सोडून रोज रिकाम्या सायकलीने निघावे: एक दिवस शाम्बोर, एक दिवस शव्हेर्नीचा वाडा, आणि तिसरा दिवस कुठेही न जाता बांधावर.