छापील शिवणरेषा, सुटलेली पेन्सिल

तुकडे जोडून शिवण्यासाठी कापडावर षटकोन आखून आखून बोटं भरून यायची, म्हणून प्रिंटरमधून जाणारं, पाठीला कागद चिकटवलेलं सुती कापड आणलं. उलट्या बाजूला शिवणरेषा छापायची, बाहेर पाव इंच सोडून कापायचं, कागद सोलायचा. मग सुलट बाजू आत घेऊन टाचणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या तुकड्याच्या कोपऱ्यात काढायची. सगळे कोपरे जुळले, चक्क माझे!

पहिलं पान वाया गेलं. प्रिंटरने आपल्याच मनाने चित्र आक्रसलं आणि एक इंचाची बाजू अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) कमी भरली. प्रमाण 100 टक्केच ठेवा. कापड ताठ आहे, सुई जरा अडखळते. शाई मात्र पिगमेंटचीच, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची घ्या. माझी साधी होती, पहिल्याच धुण्यात पांढऱ्या तुकड्यांवर निळसर झाक आली.