दाण्याची ॲलर्जी असलेल्या पोराला घेऊन गणपतीपुळ्यात जेवलो (मालगुंड रस्त्यावरची घरगुती खानावळ)

रेटिंग पाचपैकी चार. एक का कापला ते खाली लिहिलंय.

आमच्या चिरंजीवांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, साधीसुधी नाही, ओठ सुजतात आणि श्वासाचं पण होतं, त्यामुळे ट्रिप ठरली की हॉटेलच्या रूमआधी जेवणाचं बघावं लागतं. आणि आपल्याकडे दाणा कुठे नसतो सांगा! कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, ठेच्यात दाणे, मिसळीच्या फरसाणात दाणे. येताना हायवेवरच्या एका हॉटेलात वेटर छातीठोकपणे म्हणाला दाणे अजिबात नाहीत मॅडम, आणि काकडीच्या कोशिंबिरीत वरूनच कूट दिसत होतं. त्याच्या डोक्यात दाणे म्हणजे अख्खे दाणे. म्हणून मी आता सरळ विचारते, कूट घालता का, वाटणात काय आहे, तेल कुठलं, तळणीची कढई एकच आहे का.

इथे आदल्या दिवशी दुपारी फोन करून दाण्याचं सांगितलं तर मी पुढचं काही बोलायच्या आत खानावळवाल्या काकूच म्हणाल्या, "मग तेलाचं काय? शेंगतेल चालत नसेल ना?" तिथेच अर्धं टेन्शन गेलं. घाण्याच्या तेलात दाण्याचं प्रोटीन राहतं आणि त्रास त्याचाच होतो, हे शहरातल्या हॉटेलवाल्यांना पण समजावून सांगावं लागतं. गेल्यावर त्यांनी सूर्यफुलाच्या तेलाचा डबा आणून दाखवला, मी मागितला पण नव्हता.

आता गंमत अशी की आम्ही पोचलो नेमके संकष्टीला. म्हणजे उपासवाले सगळे आणि चुलीवर साबुदाण्याची खिचडी, दाण्याच्या कुटाने भरलेली! काकूंनी आमचा स्वयंपाक खिचडीच्या आधीच उरकून वेगळ्या पातेल्यात झाकून ठेवला होता. पण वाढणारा मुलगा खिचडीतला डाव तसाच आमच्या आमटीत घालायला निघाला, काकू आतून ओरडल्या म्हणून थांबला. तो एक स्टार तिथे गेला. काकू घरी नसतील तर मी तरी तिथे जेवणार नाही, त्या मुलाला कोणीतरी नीट सांगायला हवं.

जेवण म्हणाल तर डाळिंब्यांची उसळ, आमसुलाचं सार, भात, तांदळाची भाकरी, सगळं ओल्या नारळाच्या वाटणातलं. घाटावरच्यापेक्षा कोकणात आम्हाला सोपं जातं ते यामुळेच, दाण्याचं काम इथे नारळ करतो. पण काजू असतो हं भरपूर! आमच्याला काजू चालतो हे टेस्ट करून डॉक्टरांनी सांगितलंय, तुमच्याकडे तसं नसेल तर काजूचं वेगळं विचारा. रात्री चंद्रोदयानंतर उकडीचे मोदक मिळाले, नुसतं तांदळाचं पीठ, खोबरं आणि गूळ, पोराने न घाबरता हाणले. बाहेर गेल्यावर असं फार कमी वेळा होतं.

मोठ्या चेनवाल्यांना, म्हणजे दहा किंवा जास्त शाखा असतील तर, २०२२ पासून एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याच्या) नियमाने मेन्यूवर ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. अशा घरगुती खानावळीला तसलं काही नाही, सगळं विचारण्यावर. तरी मला कार्ड वाचण्यापेक्षा स्वयंपाक करणाऱ्या बाईशी दोन मिनिटं बोललेलं बरं वाटतं, आणि काहीही झालं तरी ॲलर्जीचं इंजेक्शन पर्समध्ये असतंच.

बाकी बारीकसारीक, पंखा एकच आहे आणि तो पण कोपऱ्यात, नेटवर्क नसतं म्हणून कॅश ठेवा, गाडी रस्त्यावरच लावावी लागते. फोन दुपारी तीननंतर करा, जेवणाच्या गर्दीत केला तर तो मुलगा उचलतो आणि सगळ्याला हो हो म्हणतो.